पोथी कुठं बांधायची

वेर्नर तळघरात अडकला तेव्हा आमची फेरीबोट मांडवीपलीकडच्या चोडणच्या धक्क्याला लागत होती. डोक्यावर अख्खं हॉटेल कोसळलेलं, बाहेर पडायची वाट बुजलेली, मिट्ट काळोख. पुढं काय होतंय म्हणून मी पान उलटलं, तर गोष्ट काही वर्षं मागं गेलेली. रॅम्प खाली आदळला, दुचाकीवाल्यांनी इंजिनं सुरू केली, मागून कुणीतरी हॉर्न वाजवला. पुस्तक पर्समध्ये टाकून मी उतरले. घरी जाऊन भात लावला, माशाचं हुमण ऊन केलं, सासूबाईंना गोळ्या दिल्या. रात्री अंथरुणाला पाठ टेकली तेव्हा लक्षात आलं, तो पोरगा अजून तळघरातच आहे. आणि मी जेवले होते.

अँथनी डोअर या अमेरिकन लेखकाची ‘ऑल द लाइट वी कॅनॉट सी’ ही कादंबरी मी अशी फेरीत उभ्याने वाचून काढली. २०१४ साली ती आली आणि पुढच्या वर्षी तिला पुलित्झर मिळालं. जाडजूड पुस्तक, पण त्यात पावणेदोनशेहून जास्त प्रकरणं. काही दोन पानांची, काही एका पानाची, काही त्याहून लहान. रायबंदर ते चोडण या वाटेत तीन होत, भरती असली आणि फेरी थांबत थांबत गेली तर चार. आता नव्या रो-रो फेरी आल्या आहेत, नदी लवकर संपते.

युद्धावरचं पुस्तक असं तुकड्या-तुकड्यांनी वाचताना मला काहीतरी लागत होतं आणि ते काय आहे हे बरेच दिवस नेमकं सांगता येत नव्हतं. मजा येत होती असं म्हणवत नाही. त्रास होत होता असंही नाही. एखाद्याला वाटेत सोडून आल्यासारखं वाटत होतं. मग एका संध्याकाळी, मांडवीच्या मध्यावर, एकदम आजोबांची पोथी आठवली.

माझं माहेर डिचोलीजवळचं. आजोबा चातुर्मासात श्रीधराचा ‘पांडवप्रताप’ वाचायचे. चौसष्ट अध्याय, रोज एक. माजघरात समई, पाटावर पोथी, समोर शेजारपाजारची पंधरा-वीस माणसं, आणि भिंतीला टेकून आम्ही पोरं. आमचं अर्धं लक्ष पंचखाद्याच्या ताटलीकडे. अध्याय संपला की आजोबा पानं सारखी करायचे, लाल फडक्यात पोथी बांधायचे, नमस्कार करायचे आणि मग सगळे उठायचे. हे इतकं ठरलेलं होतं की फडक्याची गाठ दिसली की आम्ही हात पुढं करायचो.

एकाच गोष्टीत ते नेम मोडायचे. माणूस पडला त्या जागी त्यांनी पोथी कधी बांधली नाही. कुणाला बरं नसलं, उशीर झाला, दिव्यातलं तेल सरत आलं म्हणून वाचन मध्येच थांबवायची वेळ आली, तरी पडलेल्या माणसावर ते थांबत नसत. पुढं वाचत राहायचे, कुणीतरी रडेपर्यंत, कुणीतरी त्याचं डोकं मांडीवर घेईपर्यंत. अभिमन्यूच्या रात्री तर उशीर व्हायचाच. मला आठवतंय, मी सात-आठ वर्षांची असेन, झोपेनं डोळे मिटत होते आणि मी कुरकुरले. आजोबांनी पोथीवरचं बोट न हलवता मान वर केली. म्हणाले, “त्या पोराला तिथं एकटं टाकून आपण जेवायला उठायचं?”

ते मला तेव्हा कळलं नाही. फेरीत कळलं. डोअरनं पोथी नेमकी तिथं बांधली होती जिथं आजोबांनी कधीच बांधली नसती.

त्यानंतर घरातली आणि पाटोच्या सेंट्रल लायब्ररीतली युद्धाची पुस्तकं मी या एका डोळ्यानं पुन्हा उघडली. पोथी कुठं बांधली आहे? माणूस पडल्यावर किती ओव्या पुढं? सगळ्यात मोठा धक्का टॉलस्टॉयनं दिला. ‘वॉर अँड पीस’ म्हटलं की लोकांना जाडी आठवते, उशीएवढी. पण ती ३६१ प्रकरणांत मोडलेली कादंबरी आहे आणि त्यातली कितीतरी प्रकरणं चार-पाच पानांत आटोपतात. १८६५ पासून ती मासिकातून यायला लागली, पूर्ण झाली १८६९ मध्ये. म्हणजे युद्धावरच्या या सगळ्यात मोठ्या पुस्तकातही आपण छोट्या छोट्या पावलांनीच चालतो.

ऑस्टरलिट्झच्या लढाईत आंद्रेई हातात निशाण घेऊन धावतो, डोक्यावर घाव बसतो, तो उताणा पडतो आणि त्याला आकाश दिसतं. उंच, शांत, ढग हळूहळू सरकताहेत. इतकी वर्षं आपण हे पाहिलंच कसं नाही, असं त्याला वाटतं. प्रकरण संपतं. पुढची दोन प्रकरणं रोस्तोव्हची. हा कोवळा पोरगा निरोप घेऊन घोड्यावरून रणांगण ओलांडतोय, बादशहाला शोधतोय, बादशहा सापडतो तेव्हा त्याच्यापुढं जायची हिंमत होत नाही. मी कॉलेजात पहिल्यांदा वाचलं तेव्हा ही दोन प्रकरणं चक्क उलटून टाकली होती. मला आंद्रेई हवा होता. जिवंत आहे की नाही तेवढं सांगा. त्याचं प्रकरण गाठलं, वाचलं, आणि मग लाज वाटून मागं आले. रोस्तोव्हही लढाईतच होता की. पण माझं माणूस नव्हता.

आणि आंद्रेई सापडला तरी हाती काही लागत नाही. ज्यांची आशा नाही अशा जखमींबरोबर त्याला गावकऱ्यांच्या हवाली केलं जातं आणि खंड संपतो. पुढचा खंड उघडला की रोस्तोव्ह सुट्टीवर घरी आलाय, घर आनंदानं वेडं झालंय. मॉस्कोत मेजवानी आहे, काय काय मागवायचं याची धांदल आहे. मग एक द्वंद्व, मग नवरा-बायकोचं कडाक्याचं भांडण. एकामागून एक लहान प्रकरणं, सगळी चवीनं लिहिलेली, आणि मी ती चवीनं वाचली. त्यानंतर कुठं गोष्ट आंद्रेईच्या घरी पोचते. तिथं बातमी येऊन दोन महिने झालेत. तो पडला हे कळलंय, प्रेत मिळालेलं नाही. म्हातारा बाप म्हणतो, गेला, आता थडगं बांधायला सांगा. बहीण मनातून मानायला तयार नाही. गरोदर बायकोला कुणी काही सांगितलेलंच नाही.

या पानावर मी दर वेळी थांबते. कारण मधल्या त्या सहा प्रकरणांत मी काय करत होते? मेजवानीत बसले होते. द्वंद्वात कोण मरतं याची उत्सुकता मला लागली होती. आंद्रेई माझ्या मनातून गेला होता. आजोबा ज्याला घाबरत होते ते टॉलस्टॉयनं माझ्याकडून करवून घेतलं होतं. पोराला टाकून मी जेवायला उठले होते, आणि पोटभर जेवले होते.

मला वाटतं युद्धाच्या कादंबरीत लहान प्रकरण हे काम करतं. मोठ्या, सलग प्रकरणात वाचणारा त्या माणसाशेजारी बसून राहतो. खंदकात, चिखलात, तंबूत, शेवटपर्यंत. लहान प्रकरण त्याला उठवतं आणि घरी पाठवतं. मग घरी राहिलेल्या माणसाचं जे होतं तेच वाचणाऱ्याचं होतं. चुलीवर काहीतरी शिजत असतं, मुलाला परीक्षेला बसवायचं असतं, आणि डोक्याच्या एका कोपऱ्यात कुणीतरी काळोखात अडकून असतं. पत्र येतं तेव्हा येतं. ते ज्या दिवशी लिहिलं तो दिवस केव्हाच गेलेला असतो. रणांगणावर असलेल्या माणसाला युद्ध सलग भोगावं लागतं. घरच्यांना ते तुकड्यांनीच मिळतं, आणि दोन तुकड्यांच्या मधली कोरी जागा त्यांनी स्वतः भरायची असते.

लहान प्रकरणं सगळीकडे असं करतात असं मात्र मी म्हणणार नाही. रेल्वे स्टेशनवरच्या स्टॉलवर मिळणारी कितीतरी पुस्तकं दोन-दोन पानांच्या प्रकरणांवरच चालतात. दारावर टकटक झाली, प्रकरण संपलं. बंदुकीचा चाप ओढला, प्रकरण संपलं. तिथं कोरी जागा रिकामीच असते, तिच्यात बसून राहायला लेखक आपल्याला देत नाही, मागून ढकलत असतो. मी मागच्या पावसाळ्यात युद्धावरचीच अशी एक कादंबरी दोन रात्रींत संपवली. तिसऱ्या दिवशी त्यातल्या एकाही मेलेल्या माणसाचं नाव मला सांगता येईना. मला स्वतःचाच राग आला, आणि त्याहून जास्त त्या लिहिणाऱ्याचा. मेलेली माणसं पान उलटवायला वापरली होती त्यानं.

फरक कुठं आहे हे मी फेरीत उभी राहून पुष्कळ वेळा तपासलं आहे. डोअरच्या पुस्तकाच्या सुरुवातीला, ऑगस्ट १९४४ मध्ये, फ्रान्सच्या समुद्रकाठच्या सेंट मालो गावावर विमानांतून पत्रकं पडतात. गाव सोडा, मोकळ्या रानात जा, असं त्यांवर लिहिलेलं आहे. सोळा वर्षांची मारी-लॉर घरात एकटी आहे आणि ती आंधळी आहे. खिडकीच्या झडपेत काहीतरी अडकून सळसळतंय ते तिला ऐकू येतं. ती हात घालून कागद काढते. नाकाशी नेते. ताज्या शाईचा वास येतो. कागद कुरकुरीत आहे, म्हणजे फार वेळ बाहेर नव्हता. एवढंच. काय लिहिलंय ते तिला कळायचा मार्ग नाही, आणि आपण ते आधीच वाचलेलं आहे. प्रकरण तिथं तुटतं. टकटक नाही, चाप नाही. एका मुलीच्या हातात कागद आहे. पुढं काय होणार हा प्रश्नच उरत नाही, ते आपल्याला माहीत आहे. तिला सांगायचं राहून जातं. ते आपल्यापाशी राहतं आणि दिवसभर आपल्याबरोबर फिरतं. मी ऑफिसात बसून बिलं तपासत होते आणि तो कागद माझ्या हातात होता.

आगोता क्रिस्तोफ तर त्याहून कठोर. ही हंगेरीची बाई १९५६ मध्ये देश सोडून स्वित्झर्लंडला गेली, घड्याळाच्या कारखान्यात कामाला लागली, मोठेपणी शिकलेल्या फ्रेंच भाषेत लिहायला लागली. तिच्या १९८६ सालच्या पहिल्या कादंबरीत दोन जुळे भाऊ युद्धाच्या दिवसांत आजीकडे राहतात आणि वहीत निबंध लिहितात. त्यांनी स्वतःलाच एक नियम घातलाय, खरं तेवढंच लिहायचं. आजी चेटकिणीसारखी आहे असं लिहायचं नाही. लोक आजीला चेटकीण म्हणतात, हे लिहायचं. प्रत्येक निबंध दोन-तीन पानांचा. भावना त्यात बसत नाहीत, कारण भावनांची खात्री देता येत नाही. वाचताना मला सारखं वाटायचं की ही प्रकरणं इतकी लहान आहेत कारण पोरांचा दम तेवढाच आहे. त्याहून जास्त लिहिलं तर रडू येईल आणि रडू आलं तर निबंध बाद होईल.

आणि उर्दूतला मंटो. ‘सियाह हाशिये’ १९४८ मध्ये आलं. फाळणीच्या दंगलींवरचे बत्तीस तुकडे, त्यातले काही दोन-तीन ओळींचे. एका तुकड्यात एक माणूस म्हणतो की हा अजून मेला नाही, थोडी धुगधुगी आहे. दुसरा म्हणतो, राहू दे, मी थकलोय. झालं. त्यावर एक ओळही नाही. आजोबांनी हे वाचलं असतं तर काय केलं असतं हा विचार माझ्या मनात पुष्कळदा येतो. त्यांना पुढं वाचायला तिथं काहीच मिळालं नसतं.

खरं तर आपल्याला याची सवय असायला हवी. पानिपतची बातमी मराठी मुलखात कशी आली ते आपण शाळेत शिकलोय. १४ जानेवारी १७६१ ला लढाई झाली. नानासाहेब पेशवे उत्तरेच्या वाटेवर होते, त्यांच्या हाती सावकारी भाषेतला एक निरोप पडला. दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा हरवल्या, चांदी-तांब्याची तर गणतीच नाही. बखरींतून शब्द थोडे इकडचे तिकडे होतात, पण एवढंच. दोन मोती म्हणजे विश्वासराव आणि भाऊसाहेब. एक पेशव्यांचा मुलगा, एक चुलतभाऊ. त्या लढाईवर मराठीत शेकडो पानं लिहिली गेली, मी ती आवडीनं वाचली आहेत, आणि तरी त्या निरोपाइतकं मला कशानंच हलवलेलं नाही. गणती नाही, या दोन शब्दांत किती घरं बसली आहेत! प्रत्येक घरात कुणीतरी अजून वाट पाहतंय, कारण चांदी-तांब्याला नावं नसतात.

गोव्यात युद्ध आलं तेही असंच, निरोपासारखं. दुसऱ्या महायुद्धात पोर्तुगाल तटस्थ, म्हणून गोवाही तटस्थ. तीन जर्मन आणि एक इटालियन व्यापारी जहाज आसऱ्याला येऊन मुरगाव बंदरात नांगर टाकून पडली होती. ९ मार्च १९४३ च्या रात्री बंदरात आगी लागल्या आणि चारही जहाजं बुडाली. ‘एरेनफेल्स’ या त्यांतल्या एका जहाजावरून पाणबुड्यांना संदेश जात असल्याचा इंग्रजांना संशय होता, आणि कलकत्त्याहून आलेल्या, बऱ्याचशा प्रौढ वयाच्या हौशी सैनिकांच्या तुकडीनं छापा घातला होता. पण हे नीट बाहेर आलं पस्तीस वर्षांनी, १९७८ मध्ये त्यावर पुस्तक निघालं तेव्हा. तोवर त्या काठावरच्या माणसांसाठी ते एका परिच्छेदाचं प्रकरण होतं. रात्री आग दिसली. सकाळी जहाजं नव्हती.

आणि मग १९६१.

गोवा मुक्तीची लढाई साधारण ३६ तासांची. पुस्तकांत ती सलग वाचता येते. भारतीय सैन्य कुठून शिरलं, दाबोळीच्या धावपट्टीवर बाँब पडले, पोर्तुगिजांची ‘आफोंसो द आल्बुकेर्क’ ही युद्धनौका लढली, लिस्बनहून सालाझारचा हुकूम की शरण यायचं नाही, आणि तरीही १९ डिसेंबरच्या रात्री गव्हर्नर जनरल व्हासालो इ सिल्व्हानं शरणपत्रावर केलेली सही. मी हे सगळं वाचलेलं आहे. आमच्या घरातलं १९६१ मात्र मला कधी सलग मिळालं नाही.

ते माझ्या आत्याकडे आहे. आत्या तेव्हा अकरा वर्षांची होती. सांगते, पण तुकड्यांनी. पोर्तुगिजांनी माघार घेताना पूल उडवले, त्यात डिचोलीचाही उडवला, १८ तारखेच्या पहाटे. आत्याच्या गोष्टीत पूल नाही. तिच्या गोष्टीत आवाज झाला आणि फडताळातली लोणच्याची काचेची बरणी खाली पडून फुटली. तेल सारवलेल्या जमिनीवर पसरलं. आजीनं चुलीतली राख आणून त्यावर टाकली. आत्या हे सांगताना हातानं राख पसरून दाखवते. मग गप्प होते, किंवा विचारते, चहा ठेवू का?

दुसरा तुकडा. आजोबांनी देवघरातून पोथी काढली आणि कणगीत, तांदळाच्या आत पुरून ठेवली. का, ते तिला माहीत नाही. चैत्रापर्यंत पोथीला तांदळाचा वास येत होता.

तिसरा. रस्त्यानं शिपाई चालत गेले. एकानं अंगणात येऊन पाणी मागितलं. त्याच्या बोलण्यातला पाणी एवढाच शब्द कळला. आत्यानं तांब्या नेऊन दिला. त्यानं ओठ न लावता वरून पाणी प्यायलं, आणि तांब्या तिच्या हातात न देता तुळशीच्या कट्ट्यावर ठेवला.

चौथा तुकडा थोरल्या काकांचा. ते बावीस वर्षांचे होते, पणजीत एका पेढीवर कारकून होते, तिथंच खोली घेऊन राहत. १७ तारखेपासून त्यांचा पत्ता नव्हता. आजीनं तीन दिवस त्यांचं पान वाढलं आणि झाकून ठेवलं. २० तारखेला दिवेलागणीला ते अंगणात उभे होते. आजोबांनी विचारलं, कसा आलास? काका म्हणाले, “निघालो. चाललो. पावलो.”

एवढंच. काका त्यानंतर चाळीसेक वर्षं जगले, मुलंबाळं झाली, दुकान काढलं, नाटकांत कामं केली, गप्पा मारायला बसले की रात्र पुरायची नाही. त्या तीन दिवसांचा विषय निघाला की ते तीन शब्द. मी कॉलेजात असताना फार खणून खणून विचारलं. मला सलग गोष्ट हवी होती. पणजीत काय पाहिलं, कुठं झोपले, कुणी अडवलं का? काका हसले नाहीत, रागावलेही नाहीत. तेच तीन शब्द म्हणाले आणि पानाचा डबा जवळ ओढला.

मांडवीवर तेव्हा पूल नव्हता. पणजीहून डिचोलीला यायचं तर कुठंतरी नदी ओलांडायलाच हवी होती. बेतीला ओलांडली असेल. की रायबंदरपर्यंत चालत येऊन, इथून चोडणला आणि पुढं मयेवरून? होडीनं? कुणाच्या? रोज संध्याकाळी फेरी मध्यावर आली की मी पुस्तकातून मान वर करते आणि पाण्याकडे बघते. कांदळवनाच्या कडेनं बगळे परतत असतात. या पाण्यावर कुठंतरी माझ्या काकांचं एक प्रकरण आहे, आणि ते ‘चाललो’ या शब्दात बसवून ते गेले.

बरीच वर्षं मला वाटायचं की हे तुकडे जोडायला हवेत. एकदा जोडूनही पाहिले. पंधरा पानांचा लेख लिहिला, त्यात वाऱ्याची दिशा घातली, काकांच्या मनात काय आलं ते घातलं, होडीवाला घातला. वाचून पाहिला आणि फाडला. होडीवाला छान उतरला होता. काका कुठंच नव्हते.

डोअर, टॉलस्टॉय, मंटो असं सगळं फिरून आल्यावर, गेल्या डिसेंबरात, मी साधी दोनशे पानी वही घेतली. एका पानावर बरणी. दुसऱ्यावर पोथी. तिसऱ्यावर तांब्या. आत्या जे बोलते तेवढंच, तिच्याच शब्दांत. जिथं ती गप्प होते तिथं मी पान सोडून दिलं. चौथ्या पानावर तीन शब्द लिहिले, आणि बाकीचं पान कोरं.

रविवारी माहेरी गेले आणि आत्याला वाचून दाखवलं. आता तिला दिसत नाही नीट, मोतीबिंदू काढूनही. ती पडवीत बसली होती, मांडीवर सूप, तांदूळ निवडायचे थांबली होती. बरणीच्या पानाला तिनं मान हलवली. पोथीच्या पानाला म्हणाली, “वास येतालो, खरेंच.” तांब्याच्या पानाला काहीच बोलली नाही. काकांचं पान मी वाचलं, तीनच शब्द ते, आणि पुढं पान उलटलं.

तिनं हात पुढं करून वही धरली.

“इतल्या बेगीन परतूं नाका गो बाय.”

मी पान पुन्हा मागं घेतलं. ती बोलेना. रस्त्यावरून पाव विकणारा पदेर गेला, त्याचा भोंगा वाजला, शेजारचं पोर पळत पाव आणायला गेलं आणि परत आलं. तिनं सुपातले तांदूळ एका बाजूला केले, बोटानं त्यात रेघ ओढली, पुसली. मी वही तशीच उघडी धरून बसले. किती वेळ गेला ते सांगता येणार नाही.

“पांयांत व्हाणो नाशिल्ल्यो ताच्या,” ती म्हणाली.

काकांच्या पायांत वहाणा नव्हत्या. चौसष्ट वर्षांत हे घरात कुणी बोललेलं मी ऐकलं नव्हतं. पुढं काही येईल म्हणून मी थांबले, पण ती सूप घेऊन उठली. चूल थंड झाली असेल म्हणाली. मी त्या पानावर, तीन शब्दांच्या खाली बरीच जागा सोडून, वहाणांचं वाक्य लिहिलं, आणि तिच्यामागून स्वयंपाकघरात गेले.